फेलोशिपचे एक वर्ष, तलावाची तीनशे वर्षे

गोंदिया : रास्त भाव दुकानातील तांदळाच्या शंभर किलोंमागे एक किलो दाणे कारखान्यात घडवलेले असावेत, असे धोरण केंद्र शासनाने आखले, तेव्हा भातगिरण्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियाला ते थेट येऊन भिडले. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळायचे, यंत्रातून त्याला पुन्हा दाण्याचा आकार द्यायचा आणि हे दाणे साध्या तांदळात एकास शंभर या प्रमाणात मिसळायचे, अशी ही पद्धत. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी तिची घोषणा केली आणि २०२४ पर्यंत सर्व शासकीय योजनांतून असाच तांदूळ देण्याचे उद्दिष्ट ठरले. शासनाच्या धानाची भरडाई करणाऱ्या गिरणीमालकांना मिश्रणाची यंत्रे बसवावी लागली.

तथापि गोंदिया हा केवळ गिरण्यांचा जिल्हा नाही. पूर्व विदर्भाच्या ज्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, त्या पट्ट्यातही तो मोडतो. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार लोहयुक्त अन्नाच्या पाकिटावर सिकलसेलच्या रुग्णांनी ते टाळावे, अशी सूचना छापणे बंधनकारक होते. आता पोत्यावर छापलेली सूचना सुट्या तांदळाबरोबर शिधापत्रिकाधारकाच्या पिशवीत कशी जाणार? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. पुढे २०२४ मध्ये केंद्राने, तज्ज्ञांच्या पाहणीत असा धोका आढळला नसल्याचे सांगून ही सूचनाच काढून टाकण्याची भूमिका घेतली.

हा प्रश्न वैद्यकाचा म्हणावा, अन्नपुरवठ्याचा म्हणावा, की कायद्याचा? तो तिन्हींचा आहे. अशा प्रश्नांना ज्या विषयाच्या पोटात जागा मिळते, त्याला विज्ञान-तंत्रज्ञान धोरण म्हणतात. शिक्षण नुकतेच संपवलेल्या तरुणांना या विषयाची दारे फेलोशिपच्या रूपाने गेल्या दीड दशकात काही प्रमाणात उघडली. त्यांतील निदान एक दार थेट गोंदियाच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच उघडले होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही.

धोरणाचे दोन अर्थ

विज्ञान धोरण म्हटले की प्रयोगशाळा, अनुदाने आणि संशोधनसंस्था डोळ्यांसमोर येतात. देशाचा वैज्ञानिक धोरणविषयक ठराव ४ मार्च १९५८ चा. त्यानंतर १९८३, २००३ आणि २०१३ अशी तीन धोरणे आली, आणि पाचव्याचा मसुदा ३१ डिसेंबर २०२० रोजी लोकांपुढे ठेवण्यात आला. विज्ञानाला पैसा किती, कोणत्या शाखेला आणि कोणत्या अटींवर, हा या दस्तऐवजांचा मुख्य विषय.

दुसरा अर्थ याच्या उलट दिशेने जातो. शासन जो निर्णय घेणार आहे त्यात विज्ञानाला काय सांगायचे आहे, ते वेळेवर आणि अधिकाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणे. पहिल्या अर्थाचे काम दिल्लीत चालते. दुसऱ्याचे काम तालुक्यापर्यंत येते, आणि जिल्ह्याला गरज असते ती याच दुसऱ्या प्रकारच्या माणसांची.

सिकलसेलचेच पाहा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. गावपातळीवर जी विद्राव्यता चाचणी होते ती स्वस्त व झटपट असते. मात्र तपासलेली व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरी, अधिक महाग चाचणी लागते. मग तिचे यंत्र जिल्हा मुख्यालयी ठेवायचे की देवरी-सालेकसासारख्या दूरच्या तालुक्यांच्या जवळ? नमुना पाठवल्यापासून अहवाल घरी पोहोचेपर्यंत किती दिवस जावेत? वाहक असल्याचा कागद लग्नाच्या वयातील मुलीच्या हाती देताना समुपदेशन कोणी करायचे? जीवशास्त्राच्या पदवीधराला पहिले कळते, आरोग्य अधिकाऱ्याला दुसरे, आशा कार्यकर्तीला तिसरे. तिन्ही एका कागदावर आणणारा माणूस शासकीय आकृतिबंधात कोठेच नसतो.

वॉशिंग्टन ते गोंदिया

ही उणीव अमेरिकेला पाच दशकांपूर्वी जाणवली. तेथील विज्ञान प्रगती संघटनेने १९७३ मध्ये सात शास्त्रज्ञ व अभियंत्यांना एका वर्षासाठी काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयांत पाठवले. पुढे ही योजना प्रशासकीय खात्यांपर्यंत वाढली आणि दरवर्षी शंभराहून अधिक जण तिच्यातून जाऊ लागले. कॅलिफोर्निया राज्याने २००९ मध्ये आपल्या विधिमंडळासाठी स्वतंत्र फेलो घेतले. तेथे बहुतांशी विद्यावाचस्पती पदवी लागते. त्यामुळे नुकताच पदवीधर झालेला तरुण त्या वाटेने जाऊ शकत नाही.

भारताने वेगळी वाट धरली. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीची आयआयटी, चंडीगडचे पंजाब विद्यापीठ, लखनौचे बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ अशा ठिकाणी धोरण संशोधन केंद्रे स्थापली आणि त्यांना जोडून धोरण फेलोशिप सुरू केली. २०२० चा मसुदा तयार करणाऱ्या सचिवालयात असे तरुण फेलो होते. खासदारांना संशोधनसाहाय्य करणारी ‘लॅम्प’ ही फेलोशिप दिल्लीच्या ‘पीआरएस’ संस्थेने २०१० च्या सुमारास सुरू केली. तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते.

जिल्हा पातळीवरचे पहिले मोठे पाऊल मात्र नक्षलवादाच्या चिंतेतून पडले. २०१० मध्ये केंद्राने साठ जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा आखला. महाराष्ट्रातून त्यात गडचिरोली आणि गोंदिया हे दोनच जिल्हे होते. तत्कालीन ग्रामीण विकासमंत्री जयराम रमेश यांनी सप्टेंबर २०११ मध्ये अशा जिल्ह्यांसाठी पंतप्रधान ग्रामीण विकास फेलोशिप जाहीर केली, आणि २०१२ मध्ये पहिली तुकडी रुजू झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत प्रशिक्षण घ्यायचे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली राहून गावांत काम करायचे, असे तिचे स्वरूप होते. अभियंते, डॉक्टर, समाजकार्याचे पदवीधर असे नाना प्रकारचे तरुण त्यात आले. ती योजना पुढे बंद झाली.

त्यानंतर २०१५ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. राज्यात सत्ताबदल झाल्यावर २०२० मध्ये ती थांबली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. याच दरम्यान केंद्राच्या कौशल्यविकास मंत्रालयाने महात्मा गांधी राष्ट्रीय फेलोशिपचा दुसरा टप्पा २०२१ मध्ये देशभरातील जिल्ह्यांसाठी आणला. त्याच्या शैक्षणिक भागीदारांत नागपूरची आयआयएम होती. एकूण हिशेब मांडला तर असे दिसते, की गोंदियासारख्या जिल्ह्यात फेलो येतात, जातात, मध्ये काही वर्षे कोणीच नसते, आणि मग नव्या नावाने नवी तुकडी येते.

एक तलाव, पाच दालने

हा तरुण नेमके काय शिकतो आणि काय देतो, हे समजायला माजी मालगुजारी तलावांइतके चांगले उदाहरण या भागात दुसरे नाही. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कोहळी समाजाने हे तलाव बांधण्यात पिढ्यान् पिढ्या कसब दाखवले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याची नोंद आहे. डोंगरांच्या खिंडी पाळीने अडवायच्या, तुडुमातून पाणी सोडायचे, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीला मिळेल अशी रचना करायची. ना आराखडा, ना कार्यकारी अभियंता.

मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला, तो १९५१ मध्ये अंमलात आला आणि तलाव शासनाचे झाले. ज्याच्या मालकीचा तलाव त्याने तो राखायचा, ही जुनी साखळी तुटली. तिच्या जागी नवी साखळी आली, पण तिचे दुवे वेगवेगळ्या दालनांत पडले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतो. त्यातील मासे ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे. बुडीत क्षेत्रातील अतिक्रमण महसूल खात्याकडे. तलाव जंगलात असेल तर वन विभाग आला. आणि पाणी ज्यांच्या धानाला जाते ते शेतकरी, ज्यांचे आजोबा श्रमदानाने पाळ दुरुस्त करीत.

आता गाळाचा प्रश्न घ्या. तलाव गाळाने भरले, साठा घटला, म्हणून गाळ काढा, हे वरकरणी निर्विवाद आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ मध्ये आली. परंतु तलावाचा तळ यंत्राने सरसकट खरवडला, की स्थानिक पाणवनस्पतींची मुळेही निघून जातात. याच वनस्पतींच्या आधाराने देशी मासे अंडी घालतात आणि पाणपक्षी चरतात. अर्जुनी मोरगाव परिसरातील ढिवर समाजाच्या स्त्रियांनी गट करून काही तलावांतील बेशरमाची झुडपे उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती किती खोलीवर रुजते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ते शासन निर्णयाच्या भाषेत उतरवणारे कोणी नाही.

येथे विज्ञानाचा पदवीधर कामाला येतो. उपग्रह प्रतिमांवरून तलावाचे क्षेत्र कसे आक्रसले ते त्याला काढता येते. गाळाच्या थराची जाडी मोजता येते. तलावाचा कोणता भाग खोदावा आणि कोणता सोडावा, याचा नकाशा ढिवर स्त्रिया आणि शेतकरी यांना एकत्र बसवून करता येतो. मग खरी परीक्षा सुरू होते. हा नकाशा नस्तीवर जायचा तर दोन पानांची टिपणी हवी. तिच्यात नियम कोणता, लेखाशीर्ष कोणते, किती खर्च, कोणत्या विभागाची हरकत येईल, हे सारे हवे. चाळीस पानांचा प्रबंध लिहिण्याची सवय असलेल्या तरुणाला ही दोन पाने सर्वांत जड जातात. विद्यापीठांत हे शिकवले जात नाही, आणि खरे तर ते दालनाबाहेर शिकवताही येणार नाही.

सारस पक्ष्याने हा गुंता आणखी वाढवला आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात, आणि तो घरटे बांधतो धानाच्या बांधीत नि तलावाच्या काठी, म्हणजे अभयारण्याच्या सीमेबाहेर. त्यामुळे त्याचे रक्षण एकट्या वन विभागाच्या हाती राहत नाही. शेतकरी कोणती कीटकनाशके फवारतो आणि वीजतारा कोठून जातात, यावर ते अवलंबून असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाला द्यावयाचे उत्तर शेवटी जिल्ह्यातूनच तयार होते, आणि त्यासाठी वन, कृषी, महावितरण व पाटबंधारे यांची माहिती एकाच कोष्टकात बसवावी लागते.

मुदतीचा प्रश्न

आता अडचण. मुख्यमंत्री फेलोशिपचा काळ एक वर्षाचा. तलावाचे वर्ष पावसाळ्यापासून मोजतात. फेलो पहिले चार महिने कार्यालय ओळखण्यात घालवतो, एक पावसाळा पाहतो, उन्हाळ्यात गाळ काढण्याच्या हंगामाला जेमतेम पोहोचतो आणि त्याने सुचवलेल्या खोदकामाचा परिणाम दिसायच्या आत निरोप घेतो. त्याच्यानंतर येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून.

शास्त्रीय पुरावा धोरणात उतरायला किती काळ लागतो, याचे उत्तर शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघरी नवजात बालसेवा हा आशा कार्यकर्तींच्या कामाचा राष्ट्रीय भाग झाला तो २०११ मध्ये. निष्कर्ष ते शासकीय कार्यक्रम, बारा वर्षे. संस्था एका जागी टिकून होती म्हणूनच ते घडू शकले.

म्हणून फेलोला टिकणाऱ्या संस्थेशी बांधून ठेवणे महत्त्वाचे ठरते. मुंबई आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ केंद्र १९८५ पासून आहे. २००७ पासून तेथे तंत्रज्ञान व विकास या विषयाचा एम.टेक. अभ्यासक्रम चालतो, आणि त्याचे विद्यार्थी पाणी, शेती, ऊर्जा यांचे प्रश्न प्रत्यक्ष गावात जाऊन अभ्यासतात. याच विचारातून राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने जानेवारी २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. जिल्ह्याचे प्रश्न जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने अभ्यासावेत आणि त्याचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा, ही त्यामागची कल्पना. कल्पना साधी आहे. फेलोशिपइतकी आकर्षक नाही, तिला मुख्यमंत्र्यांबरोबरचे छायाचित्रही लाभत नाही. पण गोंदियातील धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय किंवा शासकीय तंत्रनिकेतन दरवर्षी तेच तलाव मोजू लागले, तर येणाऱ्या प्रत्येक फेलोच्या हाती पहिल्या दिवशी दहा वर्षांची आकडेवारी पडेल. फेलोशिप चालवणाऱ्यांनी हा जोड का घातला नाही, हे कोडेच आहे.

गोंदियाच्या पदवीधराला काय हवे?

बाहेरचा तरुण गोंदियात येतो, याची चर्चा पुष्कळ होते. आमगाव-तिरोड्याचा पदवीधर या वाटेने कसा जाणार, याची होत नाही. मुख्यमंत्री फेलोशिपच्या २०२५-२६ च्या अटी पाहिल्या तर जागा ६० होत्या. वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के गुण आणि एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आवश्यक होता. मराठी लिहिता-वाचता-बोलता येणे बंधनकारक, हिंदी व इंग्रजीचे पुरेसे ज्ञान अपेक्षित. आधी वस्तुनिष्ठ चाचणी, त्यातून वरच्या २१० जणांनी निबंध लिहायचे व मुलाखत द्यायची. विद्यावेतन प्रवासखर्चासह दरमहा ६१,५०० रुपये होते, आणि वर्षभरात मुंबई आयआयटीचा सार्वजनिक धोरणविषयक पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमही पूर्ण करायचा होता. योजना अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत राबवली जाते.

यांतील भाषेची अट गोंदियाच्या मुलांना अनुकूल आहे, कारण ती त्यांची जमेची बाजू निम्मीच मोजते. सालेकसा-देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, इतरत्र पोवारी, झाडीबोली, बाजारात हिंदी. येथे वाढलेला मुलगा यांतल्या दोन-तीन भाषा सहज बोलतो. तलावाच्या पाळीवर बसून माहिती गोळा करताना त्या जेवढ्या उपयोगी पडतात, तेवढ्या कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

अनुभवाची अट मात्र वाट अडवते. विज्ञान शाखेची पदवी घेऊन घरी परतलेल्या मुलीला जिल्ह्यात वर्षभराची पूर्णवेळ नोकरी कोण देणार? दिल्लीच्या केंद्रांकडे वळावे, तर तेथे खर्च आणि पदव्युत्तर किंवा वरच्या शिक्षणाची अपेक्षा. ‘लॅम्प’ला पदवी पुरते, वयाची मर्यादा मात्र २५ आणि वास्तव्य दिल्लीत. ‘सितारा’ला ‘गेट’ परीक्षा. गडचिरोलीत ‘सर्च’च्या परिसरातून २००६ मध्ये सुरू झालेला ‘निर्माण’ हा युवा उपक्रम जवळचा आणि मराठीतला. समाजाच्या प्रश्नावर काम करून पाहू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी त्याने फेलोशिपही दिली आहे.

मुख्यमंत्री फेलोशिपच्या अटींत याच ठिकाणी एक फट होती, ती इच्छुकांनी नजरेतून सुटू देऊ नये. एक वर्षाच्या अनुभवात पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि आर्टिकलशिपही ग्राह्य धरली जात होती. म्हणजे एखाद्या तलावावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेत किंवा प्रयोगशाळेत पूर्णवेळ इंटर्न म्हणून घालवलेला काळ मोजला जाऊ शकत होता. त्यासाठी रुजू झाल्याची तारीख, कामाचे स्वरूप आणि पूर्णवेळ असल्याचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर काम सुरू असतानाच मागून ठेवावे लागते. पुढच्या तुकडीची जाहिरात निघाल्यावर अर्जाची मुदत थोडकीच असते, आणि अटी दर वेळी बदलू शकतात. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.